सात नंबरचा पंच

१

डोळा एक गेला होता, आणि तो आपल्यामुळेच गेला अशी कबुली तिघांनी दिली होती.

मिस तिओ गैक चू या खोर टौकेंच्या, म्हणजे वर्कशॉपच्या शेठजींच्या, ऑफिसात कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या. समोरच्या कॉफीवर साय धरत आली होती. कारखान्यात काही फुटलं, जळलं, कोणी जायबंदी झालं की विमा कंपनी त्यांना पाठवायची. त्याआधीची सगळी नोकरी त्यांनी धातू तपासण्याच्या प्रयोगशाळेत काढली होती. माणसांपेक्षा पोलाद बरं, निदान ते विचारल्याशिवाय बोलत नाही, असं त्या उघडपणे म्हणत.

"टौके, तुमच्याकडे काय साथ आलीय?" त्या म्हणाल्या. "अर्धा तास झाला मला येऊन. तेवढ्यात तुम्ही म्हणालात चूक माझी. तुमचा ऑपरेटर म्हणाला चूक माझी. आणि ती बाई तर मी यायच्या आधीच कबुलीवर सही करून मोकळी! मला एकच गुन्हेगार पुरतो."

"मग माझंच नाव लिहा ना," खोर म्हणाले. त्यांचं वय सत्तरीकडे झुकलेलं, आणि या आठ-दहा दिवसांत ते आणखीच वाकले होते. "मालक मी आहे. बाईला मोकळं करा."

"काय लिहायचं ते मी ठरवीन."

प्रकरण तसं सरळ दिसत होतं. सिंपांग अंपाट गावातल्या या छोट्या वर्कशॉपमध्ये कापायच्या, ठोकायच्या हत्यारांवर सोनेरी थर चढवून मिळे. हत्यारं धुवून वाळवायची, झाडाला फळं टांगावीत तशी फिरत्या चौकटीवर लावायची, पोलादी टाकीत बंद करून हवा उपसून काढायची आणि भट्टीसारखी तापवायची. मग टायटॅनियमच्या चकत्यांवर विजेचा जाळ नाचवला की त्या धातूचा प्लाझ्मा होतो. त्यात नायट्रोजन सोडला की हत्यारांवर केसाहून बारीक, सोन्याच्या रंगाचा थर बसतो. त्याच्यावर कानस चालत नाही. अट एकच, खालचं अंग आरशासारखं स्वच्छ हवं. बोटाचा ठसा राहिला तरी तिथून थर सुटतो.

रस्त्यापलीकडच्या कारखान्यात पंख्याच्या मोटरींचे पत्रे ठोकून काढत. त्यांचे बारा नवे पंच, म्हणजे पत्र्यात भोकं पाडायचे पोलादी खुंटे, इथून सोनेरी होऊन गेले आणि प्रेसवर चढले. आठवड्याच्या आत त्यांतला एक पत्र्यात अडकून तुटला. तुकडा उडाला तो टूलरूमचा फिटर मणिमारन याच्या डाव्या डोळ्यात. तुटलेल्या पंचाचा थर पापुद्रे निघाल्यासारखा सुटला होता. कारखान्यानं कळवलं, तुमचा थर कच्चा होता.

हे पंच स्वतःच्या हातानं चौकटीवर लावले होते वसंतीनं, आणि वसंती मणिमारनची बायको होती.

२

"पंपाच्या तेलाचं म्हणत होतात," मिस तिओ म्हणाल्या. "सांगा."

"टाकीतली हवा उपसतो ना, त्या पंपाचं तेल जुनं झालेलं. त्याची वाफ उलटी टाकीत जाते, हत्यारांवर बसते. शाहरुल दोनदा म्हणाला, टौके, बदलू या. मी म्हटलं, दिवाळी होऊ दे." खोरांनी डोळे पुसले. "तेलाचा डबा मागे पडलेला होता हो. नुसता आळस केला मी. एका माणसाचा डोळा गेला."

ऑपरेटर शाहरुल दारातच उभा होता. तिशी ओलांडलेला, अंगापिंडानं भक्कम, पण हाताची बोटं सारखी चाळवत होता.

"तेल कसलं, टौके! मी केलंय ते," तो म्हणाला. "मिस, थर चढवायच्या आधी टाकीतच हत्यारांवर आर्गनचा मारा करतात. धुण्यातून काही राहिलं असेल तर त्यानं निघतं. तो शुक्रवार होता. जुम्म्याला उशीर होत होता. मी तो मारा निम्म्यावर आवरला, थर सुरू करून दिला आणि गेलो. मशिदीत सगळे झुकले तेव्हा मी पण झुकलो, पण डोक्यात टाकीच होती. ज्याच्यासाठी घाई केली तेही धड झालं नाही."

"आणि हे आत्ता का सांगतोयस?"

"अक्का सही करून बसल्या म्हणून! त्या मला तंबी म्हणतात, मिस. धाकटा भाऊ. बहिणीला फासावर देऊन मी काय टाकीपुढे उभा राहू?"

"फाशी कोणी देत नाहीये. घसा कमी ताण." मिस तिओ खुर्चीत मागे रेलल्या. "प्रत्येक खेपेबरोबर तुम्ही एक टेस्ट तुकडा टाकता ना टाकीत? त्याचं काय झालं?"

खोरांनी खणातून पोलादाची एक छोटी सोनेरी चकती काढून दिली. तिच्यावर हिऱ्याचं टोक दाबून केलेले तीन खळगे होते. मिस तिओंनी भिंग लावून पाहिलं. खळग्यांच्या कडेला थर जसाच्या तसा होता, कुठे पापुद्रा सुटलेला नव्हता.

"हा पास आहे. उत्तम पास आहे."

"हो."

"हा त्याच टाकीत होता? त्याच वेळी? हेच जुनं तेल, हाच अर्धवट मारा?"

"तोच."

"मग याचा थर का नाही सुटला?"

दोघं एकमेकांकडे पाहू लागले. खोरांचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच काळवंडला, कारण पुढचं आधी त्यांच्याच लक्षात आलं होतं.

"टेस्ट तुकडा चौकटीवर कोण लावतं?" मिस तिओंनी विचारलं.

"मी," शाहरुल पुटपुटला.

"आणि पंच?"

शाहरुलनं दारातून फाटकाशी बसलेल्या वसंतीकडे पाहिलं. तेल आणि मारा दोन्ही सुटले होते. उरली होती फक्त ती, जिचा हात पंचांना लागला आणि टेस्ट तुकड्याला लागला नाही.

३

वसंतीला कामावर यायला बंदी होती, पण ती रोज येऊन फाटकाशी बसे. खोर तिला आत बोलावत आणि ती येत नसे. मिस तिओ तिच्याजवळ बाकावर जाऊन बसल्या. चाळिशीची, हडकुळी बाई. केसात फूल नव्हतं आणि हात मांडीखाली दाबून धरलेले होते.

"सही केलीस त्यात लिहिलंयस, उघडा हात लावला. बाई गं, इतकी वर्षं हे काम करतेस. तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं, मिस."

"मग?"

"खोकं उघडलं तर प्रत्येक पंचावर गंध आणि कुंकू. आदल्या दिवशी आयुधपूजा झाली ना. त्यांच्या टूलरूमची पूजा हेच करतात, सगळी हत्यारं केळीच्या पानावर मांडून. मी गंध बघूनच ओळखलं. ह्यांचा टिळा नेहमी जरा डावीकडे कलतो." ती किंचित हसली आणि हसल्याचं तिलाच वाईट वाटलं. "धुतल्यावरही गंध चिकटूनच राहिलं होतं, परत धुवायला टाकायला हवे होते. पण शाहरुल तंबीची घाई चाललेली. म्हटलं, स्पिरिटनं पुसते."

"ग्लोव्ह घालून पुसायचे."

"तेच तर! पूजेचं गंध ते, मिस. रबराच्या हातानं देवाचं कसं पुसायचं? जिवावर आलं. ग्लोव्ह काढला, बोटानं गंध निपटून कपाळाला लावलं आणि मग कपडा फिरवला. मनात म्हटलं सुद्धा, माझ्या माणसाचं काम आहे, बरकत दे." तिनं मांडीखालचे हात काढून समोर धरले. "ह्या हातांनी. देवाचं म्हणून केलं आणि त्याचाच डोळा घेतला."

मिस तिओंना अशा वेळी काय बोलावं ते कधीच सुचत नसे. म्हणून त्या कामाचंच बोलल्या.

"बाराही पुसलेस?"

"अकरा. सात नंबरवर गंध नव्हतं. मागच्या बाजूला नंबर कोरलेले असतात आणि मी ओळीनं लावते, म्हणून ध्यानात राहिलं. तो एक सरळ ग्लोव्हनं चढवला."

"पुसलं गेलं असेल कागदात."

"नाही, मिस. बाकीच्यांचं कागदाला सुद्धा लागलं होतं. सातचा कागद कोरा होता, नुसतं तेल. म्हटलं, चला, एक तरी धड आला."

"आणि तुटलेला पंच तू पाहिलास?"

"मला कोण दाखवणार? मी बघून तरी काय करू?" ती उठली. "यांना डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली. तुम्ही लवकर लिहून टाका, मिस. मी रोज संध्याकाळी ह्यांचे पाय धरते आणि माफी मागते."

"ते काय म्हणतात?"

"म्हणतात, केली माफ. देवमाणूस आहे, मिस. दुसरा असता तर घराबाहेर काढलं असतं."

ती गेली. मिस तिओ रस्ता ओलांडून समोरच्या कारखान्यात गेल्या. तिथला मॅनेजर चेआ यानं कपाटाचं कुलूप काढून पिशवीतला तुटका पंच टेबलावर ठेवला. मिस तिओंनी तो उलटा केला.

मागे सातचा आकडा कोरलेला होता.

४

ज्याला तिचं बोट लागलंच नाही तोच पंच तुटला होता. गंध निपटलेले बाकीचे अकरा प्रेसमध्ये सुखरूप होते. मिस तिओंनी भिंग काढलं आणि बराच वेळ मान वर केली नाही. चेआची चुळबूळ चालली होती.

"मिस, एक सांगून टाकतो," शेवटी तो म्हणाला. "प्रेसच्या पुढचं पारदर्शक झाकण फुटलेलं होतं. नवीन मागवायचं राहून गेलं. झाकण असतं तर तुकडा डोळ्यापर्यंत पोचलाच नसता."

"या गावात कबुलीजबाबाचा बाजार भरलाय!" मिस तिओ कडाडल्या. "झाकणाचं मी लिहिणार, आणि ठळक लिहिणार. पण पंच झाकणामुळे तुटत नाही. हे पाहा. थर जिथून उडालाय तिथे खाली काय दिसतं?"

चेआनं भिंग घेतलं. "खळगे. चेपल्यासारखे."

"आणि खळग्याच्या कडेला?"

"थर घट्ट आहे. नुसत्या भेगा पडल्यात."

"खाली घाण असती तर थर सोलून निघाला असता आणि पोलाद तसंच्या तसं राहिलं असतं. इथे थरानं पोलाद सोडलेलंच नाही, पोलादच खाली खचलंय. मऊ भातावर पापड ठेवून दाबला की पापड मोडतो. त्यात पापडाचा काय दोष? तुमच्याकडे कानस असेल ना?"

कानस आली. मिस तिओंनी ती तुटक्या तोंडावर फिरवली. ती कुरकुरत चावली आणि पोलादाचा चुरा टेबलावर पडला. मग त्यांनी प्रेसमधला एक धड पंच उतरवून घेतला आणि थर नव्हता त्या टोकावर कानस लावली. ती काचेवरून घसरावी तशी सटकली.

"आता ग्राइंडर."

टूलरूममध्ये त्यांनी आधी धड पंच चाकाला टेकवला. मंद, लालसर, तुटक रेघा निघाल्या. मग सात नंबर टेकवला, तर पिवळ्याधमक फुलबाज्या उडाल्या. चेआ दोन पावलं मागे सरला.

"ही दोन वेगळी पोलादं आहेत," मिस तिओ म्हणाल्या. "अकरा पंच हायस्पीड पोलादाचे. लालभडक तापले तरी ढिले पडत नाहीत. हा सातवा साध्या पोलादाचा, तापवून तेलात विझवून कडक केलेला. बनवला तेव्हा तो कडकच असणार, कानशीला पण दाद देणार नाही. पण टाकीत थर बसताना जी धग लागते तिनं याचं पाणी उतरलं. वर सोन्याचं चिलखत आणि आत मेणाचा शिपाई. स्वस्तात माल कोणी घेतला, मिस्टर चेआ?"

चेआ पांढराफटक पडला. "माझ्या आईची शपथ, बाराही एकाच पेटीतून आले! परदेशी माल आहे. पेटी मी फोडली, मणिमारनला दिली. थांबा, दाखवतो तुम्हाला." त्यानं फोन काढला. "पूजेच्या दिवशी दुपारी फोटो काढला होता, मोठ्या साहेबांना पाठवायला."

फोटोत केळीचं पान होतं, फोडलेला नारळ होता, आणि पानावर बारा पंच ओळीनं उभे होते. प्रत्येकावर गंध आणि वर कुंकवाचा ठिपका. मिस तिओंनी बोटांनी फोटो मोठा केला. सातव्यावरही होता, आणि जरा डावीकडे कललेला होता.

मग वसंतीनं चौकटीवर चढवला तो बिनगंधाचा सात नंबर वेगळाच होता. दुपारी पूजा झाल्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खोकं निघायच्या आत कोणीतरी तो बदलला होता.

"पूजेनंतर खोकं कुठे होतं?"

"टूलरूमच्या कपाटात. कुलपात."

"किल्ली?"

"टूलरूमच्या माणसाकडेच असते," म्हणता म्हणता चेआ अडखळला.

"आणखी एक सांगा," मिस तिओ हळू आवाजात म्हणाल्या. आवाज चढलेला असला की त्या बऱ्या, हळू झाला की लोकांना भीती वाटे. "टूलरूमचा माणूस त्या दिवशी प्रेसपाशी काय करत होता?"

"कोण जाणे. हे नवे पंच बसवल्यापासून सारखा येऊन वाकून बघायचा. प्रेसवाली ओरडायची, अण्णा, डोकं काढा. मला वाटलं, किती काळजीनं काम करतो."

५

मिस तिओ तीन जिने चढून वर आल्या त्या धापा टाकत. दम खायला त्या दाराबाहेर थांबल्या, पण खरं कारण दम नव्हता. त्यांना अपराधी वाटत होतं. एका बाईला न केलेल्या पापातून सोडवायचं म्हणजे तिच्या ओंजळीत त्याहून वाईट काहीतरी घालायचं होतं. अहवाल पोस्टानं पाठवून दिला असता तरी कंपनीचं काम झालं असतं. पण चोर सोडून संन्याशाला फाशी होताना बघायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि चोराला पोस्टानं पकडायचंही नव्हतं.

मणिमारन खिडकीशी बसला होता. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, दाढी वाढलेली. वसंती औषधाच्या दुकानात गेली होती.

"बसा, मिस. ती येईल इतक्यात."

"ती यायच्या आत बोलायचंय," मिस तिओ म्हणाल्या. "खरा सात नंबर कुठे आहे?"

उजवा डोळा त्यांच्यावर खिळला. नाही म्हणायची तयारी त्या डोळ्यात दिसली, आणि मग ती विझली. त्या तयारीवर राहून राहून तोही थकला असावा.

"नाल्यात टाकला," तो म्हणाला. "पूजा झाली, सगळे गोड खाऊन गेले. पूजेच्या दिवशी हत्यार हलवू नये म्हणतात. पण खोकं सकाळी जायचं होतं, म्हटलं आत्ताच बांधून ठेवू. हातातून निसटला. सिमेंटवर पडला आणि टोक उडालं. ते पोलाद कडक तितकंच ठिसूळ असतं."

"सांगायचं होतं चेआला."

"दोन महिन्यांपूर्वी एक डाय फोडला होता मी. तेव्हाच म्हणाले होते, पुन्हा झालं तर घरी बस." तो पट्टीच्या कडेला बोट लावत राहिला. "जवळच जुरू गावात एक लेथवाला दोस्त आहे. त्याच्याकडे पडलेल्या सळईतून संध्याकाळपर्यंत बनवून घेतला, नंबर घातला. मापाला अगदी बरोबर होता, मिस. कानशीनं तपासला, कडक होता. म्हटलं, वर सोनेरी थर बसला की कोणाला कळतंय? उलट थरच त्याला सांभाळून घेईल."

"टाकीत किती धग असते, माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"बायको रोज त्या टाकीपुढे उभी असते. विचारायचंस तिला."

मणिमारननं खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाला, "ती सांगायची. जेवताना सांगत असायची, आज टाकी इतकी तापली, आज अमुक झालं. मी ऐकत नव्हतो. बायकांचं काय ऐकायचं कामाचं."

"पण मनात धाकधूक होती. म्हणून प्रेसपाशी जाऊन वाकून बघायचास."

"चोराच्या मनात चांदणं. झोप नव्हती मला. कडेला थराचा पापुद्रा उठलेला दिसला, नीट बघायला वाकलो, आणि..."

खाली जिन्यात चपला वाजल्या. मिस तिओ पुढे झुकल्या.

"डोळ्याची शिक्षा झाली तुला, त्यात मी भर घालत नाही. पण ती रोज तुझे पाय धरते. तू पहिल्याच दिवशी का नाही बोललास?"

"पहिल्या दिवशी शुद्धच नव्हती. शुद्ध आली तेव्हा ती पायाशी रडत होती. म्हणाली, माझ्यामुळे झालं, गंधाचा हात लागला. मला आधी कळेचना. मग कळलं, आणि वाटलं, सुटलो. म्हटलं, उद्या सांगू. मग ती रोज माफी मागू लागली. मी रोज म्हणायचो, केली. वीस वर्षांत तिनं माझी माफी मागितली नव्हती, मिस. चूक नेहमी माझीच असायची. मला ते... बरं वाटायला लागलं."

मिस तिओंना त्याची कीव आली, आणि त्याच्या कानाखाली वाजवावीशीही वाटली. दोन्ही एकदम आलं.

"मी आज रात्री अहवाल लिहिणार. त्यात हे सगळं असेल, चेआच्या झाकणासकट. माझ्या कागदातून तिला कळण्याआधी तुझ्या तोंडून कळू दे."

दार उघडलं. वसंतीच्या हातात औषधाची बाटली होती आणि इडलीचा डबा.

"मिस, तुम्ही? लिहिलंत का?" ती दारातच थबकली. "सांगा, काय ते सांगा. मी तयार आहे. पण ह्यांच्यासमोर नको, ह्यांना त्रास होईल."

"वसंती," मणिमारन म्हणाला. "बस इथे."

तो बोलू लागला. चुकत, अडखळत, कधी मिस तिओंकडे बघत. त्या मुद्दाम भिंतीकडे बघत राहिल्या. नाला झाला, लेथवाला झाला, सळई झाली. मध्ये एकदाच वसंतीनं विचारलं, "सात नंबर?" तो म्हणाला, "सात." तिनं आपले हात उलटसुलट करून पाहिले. खूप दिवसांनी घरी परतलेल्या माणसाकडे बघावं तसं ती त्यांच्याकडे बघत होती.

"म्हणजे ह्या हातांनी काही केलं नाही," ती हात पुढे धरून म्हणाली.

"नाही," मिस तिओ म्हणाल्या. "तुझ्या हातांनी अकरा पंच धड निघाले. नियम मोडलास, त्याबद्दल टौके ओरडतील तेवढं ऐकून घे. बाकी काही नाही."

मणिमारननं हात पुढे केला. "नोकरी जाईल म्हणून केलं गं. तुझ्यासाठी, घरासाठीच ना. मला माफ कर."

"नोकरीसाठी पंच बदललास ते समजलं मला," वसंती म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती नवऱ्याला कधी अरेतुरे करत नसे, आणि आता केलं ते तिच्या ध्यानातही आलं नाही. "मी असते तर मीही घाबरले असते. पडला, फुटला, खोटं केलंस, सगळं समजलं. पण डोळा एकच गेला होता ना तुझा? दुसरा धड होता. त्या धड डोळ्यानं रोज मला पायाशी रडताना बघत होतास."

खिडकीतून शेजारच्या घरातल्या तळणाचा वास येत होता. कोणाकडे तरी दिवाळीचे मुरुक्कू, चकल्या, चालले असावेत. मणिमारनची मान खाली गेली ती वर आली नाही.

वसंतीनं इडलीचा डबा त्याच्यासमोर ठेवला, पण घास करून भरवला नाही. औषधाची बाटली डब्याशेजारी ठेवली, टोपण घट्ट आहे का ते नेहमीसारखं पाहिलं. मग पदर खोचून चपला पायात सरकवल्या.

"मिस, तुमची गाडी वर्कशॉपवरून जाते का?"

"जाते."

"मला सोडा. दुपारच्या खेपेला माणूस नसेल. तंबी एकटा पडला असेल."

मिस तिओ तिच्यामागून जिना उतरू लागल्या. वरून मणिमारननं एकदा हाक मारली, आणि दुसऱ्यांदाही मारली. वसंती थांबली नाही.